डाव्या दाराचा स्पीकर

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाने इतिहासावरच लिहावे, अशी अपेक्षा त्यामागे असणार. आम्ही मात्र मोटारीतला कंपनीचा स्टिरिओ आणि दारांतले स्पीकर स्वतःच्या हातांनी बदलण्याविषयी लिहीत आहोत. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु साधनांची पारख म्हणजे काय, हे आम्ही पंचवीसहून अधिक वर्षे वर्गात सांगत आलो, आणि त्याचा हाताला लागणारा पुरावा आम्हांस या कामात मिळाला.

आमची गाडी जुनी, दुसऱ्याच्या हातून आलेली. डॅशबोर्डमध्ये कंपनीने बसवलेला साधा स्टिरिओ आणि पुढच्या दोन दारांत एकेक स्पीकर. बातम्या ऐकण्यापुरते ते चालत होते. प्रश्न उभा राहिला तो आईच्या ओव्यांमुळे. आमच्या आईला अक्षरओळख नव्हती. पण पहाटे जात्यावर बसली की तिच्या तोंडून ओवीमागून ओवी येई, आणि त्यांत माहेर असे, दुष्काळ असे, बाबासाहेबही असत. 1994 साली धाकट्या भावाने उसन्या टेपरेकॉर्डरवर त्यांची एक कॅसेट भरून घेतली. आई गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी भाचीने ती संगणकावर उतरवून आम्हांस पेनड्राइव्हमध्ये दिली. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर शब्द कळत, पण आवाजाला अंग नसे. गाडीत तर तो विहिरीच्या तळातून आल्यासारखा पोकळ लागे. नातेवाईक म्हणाले, कॅसेट जुनी, आवाज झिजला असणार. एका दुकानदाराने मूळ ध्वनिमुद्रणच निकृष्ट असल्याचा निर्वाळा दिला आणि वर अ‍ॅम्प्लिफायरसह मोठ्या खर्चाचा आकडा सांगितला. आम्ही नवा स्टिरिओ आणि स्पीकरची जोडी तेवढी विकत घेतली, आणि बसवण्याचे काम घरीच करायचे ठरवले.

आमच्या वसतिगृहात राहून शिकलेला आणि पुढे आयटीआयतून वायरमन झालेला एक विद्यार्थी रविवारी मल्टिमीटर घेऊन आला. पाना हाती घेण्याऐवजी तो बाजूला उभा राहिला आणि म्हणाला, "सर, हात तुम्हीच लावा. वर्गात तुम्ही आम्हांला उत्तर कधी लिहून देत नव्हता." आम्ही निमूटपणे 10 नंबरचा पाना उचलला.

पहिले काम बॅटरीची ऋण बाजू सोडवण्याचे. हीच बाजू आधी का, हे त्याने आमच्याकडूनच वदवून घेतले. गाडीचा सारा लोखंडी सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. धन टोक सोडवताना पाना सांगाड्याला टेकला तर ठिणगी उडून शॉर्ट होते. ऋण टोक आधी सुटले की तो धोकाच संपतो. मग स्टिरिओभोवतीची प्लॅस्टिकची चौकट अलगद उचकटून चार स्क्रू काढले आणि स्टिरिओ पुढे ओढला. नवा स्टिरिओ डबल डिन मापाचा होता, म्हणजे 180 मिलिमीटर रुंद आणि 100 मिलिमीटर उंच. डिन ही जर्मन मानके ठरवणारी संस्था, तिच्यावरून हे नाव पडले. माप ठरलेले असल्याने खाच कापावी लागली नाही. वायरीही तोडाव्या लागल्या नाहीत. गाडीचा कप्लर आणि नव्या स्टिरिओचा कप्लर यांना जोडणारा तयार कप्लर बाजारात मिळतो.

नव्या स्टिरिओच्या वायरींचे रंग ठरलेले असतात. पिवळी थेट बॅटरीची, लाल किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी, काळी अर्थिंगची. पांढरी जोडी पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी मागच्या उजव्याची. जोडीतल्या ज्या वायरीवर काळी रेघ, ती ऋण. स्पीकरची ही ऋण वायर मात्र गाडीच्या सांगाड्याला कधीही जोडायची नसते, कारण आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींतून अ‍ॅम्प्लिफायर काम करत असतो. आम्ही रंग वाचून जोडणी सांगू लागलो, तेव्हा विद्यार्थी म्हणाला, "सर, नव्या स्टिरिओचे रंग खरे. गाडीच्या वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे, आणि मध्ये कुणी हात घातला असेल तर तेही खरे नाहीत. आधी तपासू." रंग ही साक्ष, मीटर हा पुरावा. हे वाक्य आम्ही त्याच दिवशी वहीत टिपून ठेवले.

दाराचे पॅड निघताना हँडलच्या खोबणीतले आणि हात टेकतो तिथले झाकलेले स्क्रू आधी काढावे लागतात. मग कडेच्या क्लिपा एकेक करून सुटतात. आत प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला दिसतो. पावसाचे पाणी काचेवरून दाराच्या पोकळीत उतरते आणि खालच्या भोकांतून बाहेर जाते. ते गाडीत येऊ नये म्हणून हा कागद असतो. तो पुन्हा नीट चिकटवलाच पाहिजे.

डाव्या दारात आम्हांस तुटलेल्या वायरींचे पीळ आणि त्यांवर गुंडाळलेली चिकटपट्टी दिसली. पूर्वी कधीतरी कुणीतरी तो स्पीकर बदलला होता. विद्यार्थ्याने 1.5 व्होल्टचा पेन्सिल सेल पुढे केला. स्टिरिओपासून सुटलेल्या कप्लरमध्ये स्पीकरच्या धन वायरीला सेलचे धन आणि ऋणाला ऋण टेकवले की स्पीकरचा कागदी पडदा बाहेर उडायला हवा. उजवा बाहेर उडाला. डावा आत गेला.

त्याचा अर्थ समजायला क्षणभर लागला. कॅसेट एकाच माइकवर भरलेली. दोन्ही स्पीकरना अगदी तोच आवाज जात होता. एक पडदा हवा पुढे ढकलत असताना दुसरा त्याच क्षणी ती मागे ओढत होता, आणि आवाजाचा खालचा, भरीव भाग एकमेकांत विरून जात होता. सिनेमाच्या गाण्यांत डावी-उजवी वाद्ये वेगळी असल्याने ती तग धरत. आईचा आवाज मात्र दोन्हीकडे सारखा होता, म्हणून तोच मिटत होता.

"सर, नवे लावण्याआधी जुन्यावरच एकदा ऐकून बघू," विद्यार्थी म्हणाला. डाव्या दारातल्या दोन वायरींची अदलाबदल केली, जुना स्टिरिओ आणि बॅटरी तात्पुरती जोडली. ओवी सुरू झाली आणि आवाज समोरून, काचेच्या मधोमध, भरून आला. जात्याची घरघर ऐकू आली. ती या मुद्रणात आहे हे आम्हांस ठाऊकच नव्हते. दोन ओव्यांच्या मध्ये आई श्वास घेते, तोही ऐकू आला. आम्ही बराच वेळ बोललो नाही, आणि त्या शहाण्या मुलानेही काही विचारले नाही.

त्यानंतर नवे स्पीकर बसवले. 16 सेंटिमीटरचे, 4 ओहमचे. बसवण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन ती चुंबकाला लागत नाही ना, हे पाहिले. नव्या स्टिरिओच्या खोक्यावर '50 वॅट' छापले आहे. तो कमाल आकडा असतो, सलग मिळणारी ताकद वीसेक वॅटच्या आसपास. तेवढी पुरते. नव्या स्पीकरमुळे शब्दांच्या कडा स्वच्छ झाल्या, हे खरे. पण आई परत आली ती दोन वायरींच्या अदलाबदलीने.

आमच्या समाजाच्या इतिहासाविषयी 'साधनेच उपलब्ध नाहीत' हे वाक्य आम्ही विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो. हेमा राइरकर आणि गी पॉइत्वँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. म्हणजे बायका बोलत होत्याच. आवाज क्षीण नव्हता. जोडणी उलटी होती. आणि ज्यांनी ती तपासली नाही, त्यांनीच आवाजाला दोष दिला.

गेल्या सत्रात आठवीच्या मुलींनी सेल आणि जुना स्पीकर घेऊन हाच प्रयोग शाळेत केला. पडदा आत-बाहेर होताना पाहून एकीने विचारले, "सर, माझ्या आजीची पण कॅसेट आहे, आणू का?" तिला जे उत्तर दिले, तेच या स्मरणिकेच्या वाचकांना देतो. माजी विद्यार्थ्यांनो, पालकहो, घरातल्या पेटीत, माळ्यावर अशा कॅसेटी असतील. गुंता झाला म्हणून, आवाज येत नाही म्हणून टाकून देऊ नका. शाळेत घेऊन या. टेपरेकॉर्डर आमच्याकडे आहे, उतरवून घेणाऱ्या मुली आहेत, आणि तपासायला पेन्सिल सेल तर कोणत्याही दुकानात मिळतो.