तोरणमाळच्या वाटेवरचा थोर

शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढताना सातपुड्याच्या उघड्या खडकांवर काटेरी थोर दिसतो. आपण त्याला सहज ‘कॅक्टस’ म्हणतो. परंतु खरे कॅक्टस जवळजवळ सारे अमेरिका खंडातले. बांधावरचा फड्या निवडुंगही मूळचा तिकडचाच. थोर मात्र एरंडाच्या कुळातला. कापताच पांढरा चीक वाहतो.

हा फरक आपण जाणून घ्यावा, कारण रोपवाटिकेत थोराचे भाऊबंदही ‘कॅक्टस’ म्हणूनच मिळतात. कुंपण छाटताना चीक डोळ्यात उडालेले एक आजोबा माझ्याकडे आले होते. सुनेने घरीच डोळा भरपूर पाण्याने धुतला होता, म्हणून इजा थोडक्यात निभावली. असे घडल्यास डोळा चोळू नये; स्वच्छ पाण्याने १५ ते २० मिनिटे धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावा.

तरीही ज्येष्ठांना हा छंद मी आवर्जून सुचवतो. त्यात रोजच्या पाण्याची दगदग नाही. डोंगरातले झाड मात्र उपटू नये. कुंडीतल्या कॅक्टसला फुटलेले पिल्लू अलगद काढावे, जखम सुकेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवावे आणि वाळूमिश्रित मातीत लावावे. माती पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पाणी देऊ नये. अतिपाण्याने मूळ कुजते.

मधुमेहामुळे बोटे बधिर झाली असतील, तर रुतलेला काटा कळत नाही. म्हणून जाड हातमोजे घालावेत. आणि घरच्यांनो, बागकाम आटोपल्यावर आजी-आजोबांची बोटे एकदा उजेडात निरखून पाहा.