वाघ्याची थाळी आणि माझे मानसशास्त्र
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेले माणूस एकच, आणि ते म्हणजे मी. त्यामुळे विजेचे बिल का वाढले येथपासून काकांच्या औषधाच्या बाटलीवर काय लिहिले आहे येथपर्यंत सगळे प्रश्न माझ्यापुढे येतात. "एवढी कॉलेजात जातेस ना, मग सांग," असे आई म्हणते. गेल्या उन्हाळ्यात वाघ्याचा प्रश्नही असाच माझ्याकडे आला.

वाघ्या हा आमचा कुत्रा. निर्मळच्या तळ्याकाठी कार्तिक वद्य एकादशीला यात्रा सुरू होते, हे वसईकरांना मी सांगायला नकोच. दोन वर्षांपूर्वी यात्रा उठली, पाळणे उतरले, सुकेळीवाले गेले आणि मागे एक पिल्लू राहिले. ते आजीच्या पायांत घोटाळत थेट आमच्या ओटीवर आले. आजीने त्याला हाकलले नाही, म्हणजे ते आमचे झाले.

त्याची एकच खोड. जर्मनच्या थाळीत पाणी ठेवावे, तर दोन घोट घेऊन तो काठावर पंजा ठेवी आणि थाळी उलथी करी. मग ती नाकाने ढकलत अंगणभर वाजवी आणि सांडलेल्या ओलीत पोट टेकून पडे. दिवसातून चार-पाच वेळा हा सोहळा होई.

सांडो की थोडे, असे कोणी म्हणेल. पण आमच्या आळीत नळाला रोज पाणी येत नाही. येते त्या दिवशी आई पहाटे उठून हंडे-कळशा भरते. विहीर आहे, पण तिचे पाणी मचूळ. आजी सांगते, पूर्वी त्या पाण्यात डाळ छान शिजायची. पुढे १९८०च्या दशकात टँकर आले आणि वसईच्या गोड्या विहिरी रात्रंदिवस उपसल्या जाऊ लागल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने त्याविरुद्ध चळवळ उभारली, तेव्हा गावोगावची माणसे रस्त्यावर उतरली होती. आमच्या विहिरीचे पाणी मात्र मचूळ झाले ते झालेच. वाघ्याही ते हुंगतो आणि तोंड फिरवतो. तेव्हा तो सांडत होता ते आईच्या कमरेवरून आलेले पाणी होते.

वर्गात तेव्हा पावलॉव्ह चालला होता. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, तो. (त्याला १९०४ साली नोबेल मिळाले ते मात्र पचनक्रियेवरच्या कामासाठी. परीक्षेत हे लिहिल्यास गुण मिळतात की नाही, मला ठाऊक नाही.) पाठोपाठ स्किनर आला. ज्या वागण्याचे फळ मिळते ते वागणे वाढते, असे त्याचे म्हणणे. मी ठरवले, वाघ्याला शास्त्रशुद्ध वळण लावायचे.

थाळी वाजली की मी वही टाकून धावे, ओरडे, एखादी चापटही देई. आठ दिवसांत एवढाच फरक पडला की तो पूर्वी पाच वेळा सांडत असे, आता आठ वेळा सांडू लागला. थाळीत वीट ठेवून पाहिली, तर तो विटेवर पाय देऊन उभा राहिला. पुढे लक्षात आले ते फारच लाजिरवाणे होते. दिवसभर साखळीला एकटा बांधलेला तो जीव. थाळी वाजवली की घरातून एक माणूस पळत येते, हे त्याला कळून चुकले होते. घंटा त्याच्याकडे होती, आणि पळत सुटणारी मी!

पण हे समजण्याआधी मी जे केले ते लिहायलाच हवे. परीक्षेच्या दिवसांत एका सकाळी त्याने ताजी भरलेली थाळी पालथी केली. मी ती उचलून पडवीत ठेवली. म्हटले, आता दुपारपर्यंत बस तसाच, म्हणजे किंमत कळेल. आई-बाबा वाडीत होते, आजी आत्याकडे. पेपर संपला, मैत्रिणींबरोबर उत्तरे ताडून पाहिली, बस चुकली. घरी आले तेव्हा तीन वाजून गेले होते. जांभळाची सावली केव्हाच सरकली होती आणि वाघ्या साखळीच्या टोकाला उन्हात आडवा पडला होता. जीभ पूर्ण बाहेर, भाता चालावा तशी धाप. माझी चाहूल लागली तेव्हा त्याने फक्त शेपटीचे टोक हलवले.

मी नुसती उभी होते. आई मागून आली. तिने काही न विचारता साखळी सोडली, त्याला पडवीत ओढले, पोटाला आणि पायांना विहिरीचे पाणी लावले आणि माठातले, आमच्या पिण्याचे पाणी ओंजळीने थोडे थोडे पाजले. तो उठून बसल्यावर म्हणाली, "पेपराला जाताना पाण्याची बाटली घेतलीस ना गं तू?"

बस्स, एवढेच. एकनाथांनी तहानेल्या गाढवाला काशीची गंगा पाजली, ही गोष्ट मी शाळेत पाठ म्हणून दाखवली होती आणि मला पेन्सिल बक्षीस मिळाली होती. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी वाचले ते कुत्र्यांविषयी, परीक्षेसाठी नव्हे. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांना. बाकी उष्णता तो धापा टाकून घालवतो. म्हणून तो पाण्यात पंजे घालतो आणि ओल्या मातीत पोट टेकतो. आणि पिताना तो जीभ मागे वळवून पाणी वर खेचतो, त्यात थोडे सांडायचेच. म्हणजे मी ज्याला मस्ती म्हणत होते तिच्यात निम्मा उन्हाळाच होता.

उपाय आजीने काढला. मिक्सर आल्यापासून तिचे दगडी उखळ घरामागे पडून होते. बाबा आणि काकांनी ते लोटत आणले आणि दुपारीही सावली राहील अशा फणसाखाली बसवले. त्यात वाघ्याला दिवसभर पुरेल एवढे पाणी मावते आणि ते कोणाच्या बापाला हलत नाही. रोज सकाळी ते घासून नवे पाणी भरायचे काम माझे. शिळे पाणी अळूला जाते. शेजारी एक जुने घमेले ठेवले आहे. त्यात भाजी-तांदूळ धुतलेले पाणी. ते त्याने खुशाल सांडावे आणि त्यात लोळावे. साखळीही आता फक्त फाटक उघडे असेल तेव्हा.

पहिले दोन दिवस त्याने उखळावर पंजा मारून पाहिला. ते वाजेना, हलेना. मग त्याने मान वळवून खिडकीकडे, माझ्या टेबलाकडे पाहिले. मी पुस्तक मिटून बाहेर गेले आणि त्याच्याजवळ फणसाखाली बसले.