लाव्हाच्या पायऱ्यांवर दोघं

ज्वालामुखी म्हटलं की आइसलँड नाहीतर हवाई आठवतं, आणि पाठोपाठ तिकिटाचा आकडा! पण बॉस, आपला बहुतेक महाराष्ट्र लाव्हावरच उभा आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा थरावर थर पसरत गेला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर तो काळा दगड होऊन बसलाय. नाव दख्खन ट्रॅप. हा ‘ट्रॅप’ स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आला.

त्या पायऱ्या बघायला दिवाळी संपताच मी आणि नवरा पुण्याहून बीडकडे निघालो. जामखेडच्या पुढे पहिला स्टॉप सौताडा. विंचरणा नदी इथे थेट दरीत उडी घेते. खाली उतरताना धबधब्याइतकंच कड्याकडेही बघा. बालाघाटच्या या डोंगरांत कुठे घट्ट काळा पाषाण, तर कुठे भोकाभोकांचा मांजऱ्या खडक. लाव्हातला वायू अडकला, त्याची ती भोकं.

“मग गरम पाण्याची कुंडं कुठायत?” नवऱ्याची शंका. ती इथे नाहीत. त्यासाठी वज्रेश्वरी-गणेशपुरी किंवा किनवट तालुक्यातलं उनकेश्वर गाठा. आणि तिथलंही पाणी या लाव्हामुळे तापत नाही, तो कधीच थंड झाला. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं.

पाटोदा ओलांडून लिंबागणेशला पोचलो. इथला गणपती भालचंद्र. शापातून सुटायला चंद्राने इथे तप केलं, अशी आख्यायिका आहे. अष्टविनायकाची गर्दी आठवून आलात, तर इथली शांतता एकदम आवडेल. भोवती काळी जमीन. तीही लाव्हाचीच, झिजून माती झालेली.

पण हाच दगड पाण्याच्या बाबतीत भलताच कंजूष. घट्ट पाषाणात पाणी मुरत नाही. मिळालं तर मुरमात नाहीतर भेगांत. त्यामुळे एकाच्या विहिरीला पाणी आणि शेजारची कोरडी, असंही होतं. त्यात पाऊसही बेभरवशाचा. म्हणून दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि पाच-सहा महिने कारखान्याच्या फडावर राहायचं. त्यांच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’.

रस्त्यावर अशाच जोड्या ट्रॅक्टरमध्ये बसलेल्या दिसल्या. भांडी, अंथरुणं, मांडीवर पोरं. आमच्यासारखीच दोघं-दोघं, याच रस्त्याने, याच आठवड्यात निघालेली. नवऱ्याने गाडीतलं गाणं बंद केलं. मांजरसुंब्यापर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.

कसं जाल? : पुणे-अहिल्यानगर-जामखेड-सौताडा-पाटोदा-लिंबागणेश. पुढे मांजरसुंब्याजवळ कपिलधारचा धबधबा आणि मन्मथ स्वामींची समाधी आहे. मुक्कामाला बीड सोयीचं. पावसाळ्याच्या शेवटी जा, धबधब्यांना पाणी असतं. आणि दिवाळीनंतर गेलात, तर घाटात ट्रॅक्टरमागे हॉर्न वाजवत बसू नका. त्यात एक अख्खा संसार असतो.