बाबांची नऊ बाडं

आमच्या स्वयंपाकघरात तुरीच्या डाळीचा एक मधला स्टीलचा डबा आहे. परवा शेजारच्या वहिनींनी त्याची किंमत विचारली, तर मी ‘आठवत नाही बाई’ म्हणून मोकळी झाले. आठवते, चांगली आठवते. एकशे वीस रुपये रद्दीचे आणि वरचे साठ माझे. आज ती रद्दी कशाची होती ते सांगायला बसले आहे.

माझे वडील मूर्तिजापूरला रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात होते. १९७६ साली नोकरी लागली, तेव्हापासून दर महिन्याला स्टेशनवरच्या बुकस्टॉलवरून ‘चांदोबा’ घ्यायचा हा त्यांचा नेम. लग्न व्हायचं होतं, घरात लेकरू नाही, स्वतःसाठीच घ्यायचे. वर्ष संपलं की बारा अंक एकत्र करून लाल कापडी पुठ्ठ्यात बांधून घ्यायचे आणि पाठीवर पांढऱ्या रंगाने साल घालायचे. अशी १९७६ ते १९८४ पर्यंतची नऊ बाडं आमच्या घरी होती. पुढे आम्ही भावंडं झालो, खर्च वाढला, बांधणी थांबली. अंक मात्र येतच राहिले.

ज्यांच्या घरी चांदोबा आला नाही अशी आपल्या वयाची बाई विरळाच. तरी थोडं सांगते. मद्रासला नागी रेड्डी आणि चक्रपाणी या दोघांनी १९४७ च्या जुलैत तेलुगू आणि तमिळमध्ये हे मासिक काढलं. मराठी चांदोबा १९५२ पासून. त्यातली विक्रम-वेताळाची गोष्ट कोण विसरेल? खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार, मागे स्मशान. ते चित्र काढणारे शंकर २०२० मध्ये गेले. मूळच्या वेताळकथा पंचवीसच, अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त घेतलेल्या. त्या संपल्यावर चांदोबावाल्यांनी वेताळाला रजा दिली नाही, नव्या गोष्टी रचून वर्षानुवर्षं त्याला झाडावर लटकवत ठेवलं. लहानपणी मला हा फरक कुठला कळायला! प्रत्येक वेताळ मला सारखाच खरा वाटायचा.

मी दहा वर्षांची असताना, १९९८ साली, अंक यायचाच बंद झाला. बाबा दर महिन्याला स्टॉलवर विचारायचे, मी दाराशी उभी असायची, आणि ते रिकाम्या हाताने यायचे. पुढे तो पुन्हा सुरू झाला, पण २०१२-१३ च्या सुमारास कायमचाच मिटला. त्या खंडाच्या वर्षात मी जुनी नऊ बाडं पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचली. ‘पुढे चालू’ म्हटलं की पान उलटायचं, महिनाभर थांबायचं कारण नाही. पुन्हा पुन्हा वाचण्याची चटक मला तिथेच लागली. शेवट ठाऊक असूनही राक्षसाचा जीव असलेल्या पोपटापाशी आलं की छाती धडधडतेच. हे नवलच आहे.

२०१२ मध्ये लग्न होऊन मी बार्शीटाकळीला आले. बिदाईच्या वेळी बाबांनी एक पत्र्याची ट्रंक गाडीत ठेवली आणि म्हणाले, “सोनं तुह्या मायनं देल्लं, हे माह्याकून.” सासरच्या मंडळींना वाटलं, भांडी असतील. उघडून पाहिलं तर चांदोबा! सासूबाई हसल्या, पण काही बोलल्या नाहीत. उगाच त्यांच्यावर घालायला नको, त्या ट्रंकेबद्दल त्यांनी मला कधी एक शब्द सुनावला नाही. पुढे जे झालं ते सगळं माझं.

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्या मागच्या खोलीत वाळवी लागली. ट्रंकेचा तळ गंजला होता, त्यातून ती शिरली. चार बाडांचे कोपरे खाल्ले होते, बाकीची पाच धडधाकट होती. पण घराला रंग द्यायचा होता, मुलगी तीन वर्षांची, सकाळी शाळेत तासिका तत्त्वावर मराठीचे दोन तास. डोकं ठिकाणावर नव्हतं. आणि नेमकं त्याच महिन्यात मला इंटरनेटवर एका ठिकाणी चांदोबाचे जुने अंक सापडले होते. मनात म्हटलं, सगळं मोबाईलवर आहे, मग हा धुळीचा पसारा हवा कशाला? रद्दीवाला दारात आला आणि मी नऊच्या नऊ त्याच्या काट्यावर घातली. बारा किलो भरली. दहा रुपये भाव.

तुम्ही म्हणाल, चार खराब झाली होती, पाच तरी ठेवायची. मीही स्वतःला तेच विचारते. घर आवरण्याचं भूत अंगात आलं की बाईला थांबता येत नाही, एवढंच उत्तर आहे. मोबाईलवरचं ते पान वर्षभरात उघडेनासं झालं. मी अंक उतरवून घेतले नव्हते. ‘आहेच तिथे’ म्हणून निश्चिंत होते.

२०२० मध्ये आई गेली. पुढच्या दिवाळीत बाबा आमच्याकडे दोन महिने राहायला आले. आठवडा झाला नसेल, एका दुपारी म्हणाले, “काय व बाई, ते एकोणऐंशीचं बाड काढ बरं.” माझ्या हातात कणकेचा गोळा होता. तोंडातून निघून गेलं, “शाळेतल्या एका बाईंनी नेलंय, मुलाला वाचायला.” बाबा म्हणाले, “आणलं की दे.”

दर चार-आठ दिवसांनी विचारायचे. “आणलं का वो त्या बाईनं?” आणि मी नवी थाप मारायची. बाई गावाला गेल्या, बाईंचं लेकरू आजारी. विक्रमाला वेताळाची अट ठाऊकच आहे: उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, बोललास तर मी चाललो. वर्गात ही गोष्ट मी दरवर्षी सांगते. त्या दोन महिन्यांत मात्र सांगताना अडखळले.

नेमकं एकोणऐंशीचंच का, हे एका रात्री त्यांनीच माझ्या मुलीला सांगितलं. मी आत भांडी आवरत होते. त्यांचं लग्न त्या वर्षी झालं. आईची शाळा चौथीतच सुटलेली, वाचायची सवय पार गेलेली. बाबांनी तिला चांदोबावरून वाचायला बसवलं. अक्षरं ठळक, चित्रं सोबतीला, आणि पुढे काय झालं याची ओढ. ज्या शब्दाला आई अडायची त्याखाली बाबा पेन्सिलीने रेघ मारायचे आणि दुसऱ्या दिवशी तोच विचारायचे. समासात आईने जोडाक्षरं गिरवली होती. ते बाड त्यांना वाचायला नको होतं, आईच्या रेघा बघायच्या होत्या.

मैत्रिणींनो, त्या रेघा मी लहानपणी पाहिल्या होत्या. कोणीतरी पोराने पुस्तक खराब केलंय असं वाटून खोडरबराने काही पुसल्यासुद्धा होत्या.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू केला. रविवारी भाजी आणायच्या निमित्ताने अकोल्याला जायचं आणि रद्दीची दुकानं पालथी घालायची. एकदा हे नागपूरला गेले तर सीताबर्डीच्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडून सहा अंक घेऊन आले. ह्यांना मी सगळं सांगितलं होतं. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, “बाबांना कधी सांगणार?” त्यावर मी चहा टाकायला उठले.

इंटरनेटवरही पुन्हा शोधलं. दुसरीकडे स्कॅन केलेले अंक मिळाले, आणि या वेळी मात्र उतरवून ठेवले. शाळेचं एक जुनं हजेरीपत्रक घेतलं, एकशे आठ अंकांसाठी एकशे आठ घरं पाडली. कागदी अंक मिळाला की लाल खूण, मोबाईलवरचा असेल तर निळी. मोबाईलमधली मांडणी आधी चुकली. नावात महिना अक्षरी लिहिला, तर यंत्र वर्णमालेने लावतं, एप्रिलच्या पाठीमागे ऑक्टोबर! मग आधी साल, मग महिन्याचे दोन आकडे असं लिहिलं, की सगळे ओळीने शहाण्यासारखे उभे राहिले. एक प्रत मोबाईलमध्ये, एक पेनड्राइव्हवर कपाटात. चांदोबाचे हक्क कोणाचे तरी आहेत, म्हणून ती प्रत मी पुढे कोणाला पाठवत नाही. जुन्या पुस्तकांचं वेगळं असतं. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षांनी हक्क संपतो. नाथमाधव १९२८ मध्ये गेले, तेव्हा त्यांची १९१३ ची ‘वीरधवल’ खुशाल उतरवून घ्यावी. सिंहगडाच्या कड्यावरून पडून अधू झालेल्या माणसाने अंथरुणाला खिळून एवढ्या अद्भुत कादंबऱ्या लिहिल्या, हे मी वर्गात सांगते तेव्हा पोरं गप्प होतात.

या निमित्ताने माझं बाकीचं कपाटही लागलं. खालच्या फळीवर हातिमताई, सिंहासनबत्तिशी आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणायला घेतलेल्या अरबी गोष्टी. मधल्या फळीवर मुलीचा मराठी हॅरी पॉटर. वर मुग्धा कर्णिकांचा ‘स्वामी मुद्रिकांचा’, जाडजूड, झोपून वाचलं तर छातीवर ओझं होतं. ट्रंक मोडीत दिली. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, पायांखाली वाट्या ठेवल्या, फळ्यांवर कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला पसरला. पुस्तकं कडक उन्हात टाकू नका, कागद पिवळा पडतो आणि बांधणीचा डिंक सुटतो. सावलीत, वाऱ्यावर उघडून ठेवा. हे सगळं मला नऊ बाडं गेल्यावर सुचलं, हे वेगळं सांगायला नको.

त्या ‘कथासरित्सागरा’तच गुणाढ्याची कथा आहे. सातवाहन राजाने त्याचा ग्रंथ नाकारला, तेव्हा तो रानात एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि अग्नीत टाकायचा. सात लाख श्लोकांतला एक लाख वाचला. निदान त्याने जाळण्याआधी प्रत्येक पान वाचलं तरी होतं. मी उघडूनही पाहिलं नाही.

बाबा मूर्तिजापूरला परत जायच्या आदल्या दिवशी मी सांगून टाकलं. ओट्याशी उभी राहून, त्यांच्याकडे पाठ करून. “बाबा, ती बाडं मी विकली. चार वर्षं झाली.” मागे काही आवाज नाही. वळून पाहिलं तर ते उठून अंगणात गेले होते. रात्री जेवले नाहीत. सासूबाईंनी दूध नेऊन दिलं, तेही तसंच राहिलं. इतकंच म्हणाले, “इकलं तं इकलं. पण दोन महिने मले त्या बाईची वाट पाहायले लावली तुनं.” मी काय बोलणार? त्या नसलेल्या बाईचं लेकरूसुद्धा मी तापाने फणफणवलं होतं.

सकाळी सातच्या गाडीने जायचे होते, ते गेले नाहीत. चहा झाल्यावर म्हणाले, “काय हाये तुह्या मोबाईलात, दाखव.” त्यांना मोतीबिंदू. मी पान दोन बोटांनी मोठं केलं. बाडात अक्षर मोठं करता आलं नसतं, हे एक बरं. जानेवारी ७९. ते बराच वेळ बघत राहिले, मग बोटाने एका शब्दावर थांबले. “इथी अडली होती थे. दोन दिवस.”

मी चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह घेऊन गेले आणि मिळाले तेवढे १९७९ चे अकरा अंक कागदावर काढून आणले. साडेतीनशे रुपये झाले. आणि माझ्या मुलीची पेन्सिल घेऊन बाबा रेघा मारत बसले. सगळ्या आठवत नव्हत्या. काही ठिकाणी मारायचे आणि स्वतःच खोडायचे. “नाई, हे तं तिले येत होतं.” मुलगी शेजारी बसून टोक करून देत होती. त्यासाठी चार दिवस जास्तीचे राहिले.

माझ्यावरचा राग गेला का? पुरता नाही. अजून फोनवर मध्येच म्हणतात, “काही विकाचं असन तं आधी इचार.” मी हो म्हणते.

ते कागद मी लाल कापडात बांधून घेतले, पाठीवर साल घातलं. आता ते मूर्तिजापूरला त्यांच्या उशाशी असतं. हजेरीपत्रकात आज त्र्याऐंशी घरं भरली आहेत, एकतीस लाल, बावन्न निळी. १९७९ चा एकच महिना राहिलाय, जुलै. त्यात आई स्वतःहून पहिली पूर्ण गोष्ट वाचून गेली, कुठेच अडली नाही, म्हणून त्या अंकात एकही रेघ नव्हती, असं बाबा म्हणतात. परवा मुलीने अकोल्याच्या दुकानात एक गठ्ठा उपसला. जून निघाला, ऑगस्ट निघाला. येत्या रविवारी पुन्हा जायचं आहे, दुकानदाराने मागच्या गोदामातली दोन पोती उघडून ठेवतो म्हणून सांगितलंय.