मोठ्या टँकआधी फिल्टर

गोल्डफिश घरात येतात तेव्हा बोटाएवढे असतात. दोन-तीन वर्षांत ते चांगले वाढतात आणि छोटा टँक अपुरा पडतो. मग मोठा टँक येतो. तो घासूनपुसून लख्ख करतात, नळाचं ताजं पाणी भरतात आणि त्याच संध्याकाळी मासे त्यात सोडतात. चार-पाच दिवसांत एकेक मासा मरू लागतो. आमच्या गल्लीत दोन घरांत असंच झालं. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं नव्या टँकचा पायगुणच वाईट. खरं कारण बहुतेक वेळा पाण्यात असतं, पण ते डोळ्यांना दिसत नाही.

आमच्याकडचे तीन गोल्डफिश सासूबाईंनी आणलेले. त्या गेल्या आणि वर्षभरात अब्बाजींना लकवा झाला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणंही जवळजवळ थांबलं. त्यांचा पलंग टँकसमोर आहे. फजरनंतर ते मासे मोजतात आणि डाव्या हाताची तीन बोटं वर करून मला दाखवतात. आमचा दिवस तिथून सुरू होतो. त्यामुळे नववीतला माझा मुलगा जेव्हा म्हणाला, "अम्मी, ईदच्या आत मोठा टँक लावू या," तेव्हा मी आधी हिशेब केला. ईद आठ दिवसांवर होती. हे मासे सासूबाईंची अमानत. एखाद्या सकाळी अब्बाजींनी दोनच बोटं वर केली तर त्यांना काय सांगायचं?

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी सगळं उलगडून सांगितलं. माशांच्या श्वासातून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया जातो. तो विषारी असतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच कमी घातक असतं आणि थोडं थोडं पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू पाण्यात फार थोडे असतात. त्यांची वस्ती असते फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खडीवर. म्हणून नुसतं जुनं पाणी नव्या टँकमध्ये ओतून भागत नाही. कोऱ्या टँकमध्ये ही वस्ती आपोआप तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

मुलाला मी म्हटलं, "पैसे आहेत तेवढ्यात आधी फिल्टर घे, टँक नंतर." नवा फिल्टर आम्ही जुन्याच टँकमध्ये, जुन्या फिल्टरशेजारी, चार आठवडे चालवला. ईद आली आणि गेली. पोरगा थोडा रुसला, पण स्पंज तपकिरी होताना पाहून त्यालाच त्यात गंमत वाटू लागली. त्या दिवसांत आम्ही दर तीन-चार दिवसांनी थोडं पाणी बदलत होतो. जुन्या आणि नव्या पाण्यात फरक कमी राहिला तर माशांना धक्का बसत नाही.

मग टँक आला. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, तेवढाच उंच. काठोकाठ भरला तर सुमारे 130 लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन 130 किलो. म्हणून भक्कम लोखंडी स्टँड घेतला, खाली थर्माकोलचा पत्रा घातला आणि सगळं समपातळीत आहे ना ते पाहिलं. जागा उन्हापासून दूर, पण अब्बाजींना पलंगावरून दिसेल अशी.

सोलापुरात पाणी रोज येत नाही, त्यामुळे घरात पिंप भरलेलं असतंच. साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो. तरी क्लोरीन घालवणारे थेंबही बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाकले, कारण क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतो आणि कामाचे जिवाणूही मारतो. खडी नळाखाली न धुता टँकमधून काढलेल्या पाण्यातच खळबळली. दोन्ही फिल्टर ओले असतानाच नव्या टँकमध्ये लावले. टँकमधलं उरलेलं जुनं पाणीही त्यात ओतलं.

काम सकाळी काढलं. सोलापूरच्या दुपारी पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. आदल्या दिवशी माशांना खाणं दिलं नव्हतं. मासे जुन्या पाण्याच्या बादलीत घेतले, वर टॉवेल टाकला आणि खोलीतला दिवा बंद ठेवला. मग तासभर थोड्या थोड्या वेळाने नव्या टँकमधलं पेलाभर पाणी बादलीत घालत राहिलो. शेवटी एकेक मासा मऊ जाळीने उचलून सोडला. बादलीतलं पाणी मोरीत ओतलं.

तिसऱ्या दिवशी अमोनिया तपासायच्या किटमध्ये पिवळा रंग किंचित हिरवट दिसला. लगेच पाव भाग पाणी बदललं आणि खाणं निम्मं केलं. दोन दिवसांत रंग पुन्हा पिवळा झाला. आता दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलतो. स्पंज फारच तुंबला तरच टँकमधून काढलेल्या पाण्यात हलका पिळतो. अलहमदुलिल्लाह, रोज सकाळी अब्बाजींची तीन बोटं वर होतात.

तुमच्या घरी मोठा टँक घ्यायचं ठरत असेल, तर मुलांना दुकानात जरूर न्या. पण पहिल्या फेरीत फिल्टर आणि तपासणीचं किट एवढंच घरी आणा. टँक महिनाभर दुकानातच राहू द्या.