ठिकाणावर परतणारा सूर

लिओ फेंडर यांनी 1954 मध्ये कॅलिफोर्नियात स्ट्रॅटोकास्टर ही विद्युत् गिटार सिद्ध केली, तेव्हा तिच्या घोडीला एक दांडी होती. दांडी दाबली की सूर खाली ढळतो, सोडली की वर येतो. तिला नाव मिळाले ‘ट्रेमोलो’. वस्तुतः ट्रेमोलो म्हणजे नादाचे लहानमोठे होणे. सुराच्या हेलकाव्याला व्हिब्रॅटो म्हणतात. नावाची चूक तशीच रूढ झाली. वादकाची तक्रार मात्र निराळी असते : ढळलेला सूर ठिकाणावर परतत नाही. जिमी हेन्ड्रिक्स यांनाही भर मैफलीत तारा पुन्हा लावाव्या लागत.

तरंगती घोडी एका बाजूने सहा तारा आणि दुसऱ्या बाजूने गिटारच्या पाठीतील स्प्रिंगा ओढीत असतात. एक तार चढविली की घोडी कलते आणि उरलेल्या पाच किंचित उतरतात. म्हणून बेसूर ऐकताच खुंटी पिळणारा वादक दोष वाढवितो. आधी कान द्यावा. दांडी दाबून सोडल्यावर तार चढलेली राहिली, तर ती बहुधा खुंट्यांजवळच्या पट्टीच्या खाचेत अडकलेली असते. खाचेत पेन्सिलीचे शिसे घासल्यास ती मोकळी होते. खुंटीवरचे सैल वेढे आणि घोडीची झिजलेली कड यांची पाहणी त्यानंतर.

1970 च्या दशकाच्या अखेरीस फ्लॉइड रोझ यांनी पट्टीपाशी तारा आवळून ही घसरणच थांबविली. मग खुंट्या निरुपयोगी ठरल्या आणि बारीक सूर लावण्यासाठी घोडीवर वेगळे स्क्रू द्यावे लागले. समतोलाचा नियम मात्र तेथेही सुटला नाही : एका तारेला न्याय देताना उरलेल्या पाचींचे ऐकावेच लागते.