शब्दाची पत

परिषद आटोपल्यावर ब्रुसेल्समध्ये दोन दिवस हाती होते. पहिला दिवस ‘ग्रां प्लास’ या चौकात गेला. १६९५ मध्ये फ्रेंच तोफांनी तो जवळजवळ भस्मसात केला होता. व्यापारी व कारागीर संघांनी अवघ्या काही वर्षांत तो पुन्हा उभारला.

दुसऱ्या दिवशी आगगाडीने पाऊण तासात अँटवर्प गाठले. तेथील भव्य स्थानकालगतच हिरेबाजार आहे. पालनपूरच्या जैन कुटुंबांनी या बाजारात मानाचे स्थान मिळवले आहे. सौदा ठरला की हातात हात देऊन ‘मझल’ हा हिब्रू शब्द उच्चारतात. व्यापारी ज्यू असो वा जैन, त्यानंतर माघार नाही.

कर्ज मंजूर करताना मी हयातभर तारण आणि सह्या पाहिल्या. कागदपत्रे अपुरी म्हणून एका सचोटीच्या किराणा दुकानदाराला रिकाम्या हाती परत पाठवले होते. तो प्रसंग तेथे आठवला आणि मन खजील झाले.

सायंकाळी शहरालगतच्या विलराइक येथील संगमरवरी जिनालयात पार्श्वनाथ भगवंतांचे दर्शन घेतले. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. चौविहाराची चिंता नव्हती. सत्याणुव्रतावरील प्रवचने पुष्कळ ऐकली होती; व्यवहारात त्याचे मोल किती, हे त्या दिवशी उमगले.

गावी परतल्यावर सर्वप्रथम त्या दुकानदाराच्या घरी गेलो.